आमच्या खासदाराने मत काय दिले?

एकलहऱ्याच्या वीज केंद्राच्या गेटाबाहेर, सकाळची पाळी सुटली की चहाच्या टपरीवर चार माणसे जमतात. काही नोकरीतली, काही निवृत्त, काही आसपासच्या मळ्यांतले शेतकरी, आणि माझ्यासारखा एखादा कविता करणारा. डिसेंबर २०२० मधली गोष्ट. नाशिकच्या गोल्फ क्लब मैदानावरून शेतकऱ्यांचा वाहन मोर्चा दिल्लीकडे निघायचा होता. आमच्यातला एक कांदा पिकवणारा त्यात जाणार होता. त्याने ग्लास खाली ठेवला आणि मला विचारले, "कवी, तुम्ही वाचणारा माणूस. एवढं सांगा. सप्टेंबरात हे तीन कायदे झाले, तेव्हा आपल्या खासदारानं मत कुणीकडं दिलं?"

कुणीच बोलले नाही. खासदाराची हजेरी किती, त्याने प्रश्न किती विचारले, निधी किती खर्च केला, हे दोघा-तिघांना तोंडपाठ होते, कारण ते वर्तमानपत्रात छापून येते. पण मत? ज्या कामासाठी त्याला निवडून पाठवला, त्याचाच हिशेब कुणाजवळ नव्हता.

तेवढ्यात आमचे अण्णा बोलले. अण्णांचा जन्म केंद्राच्या कंट्रोल रूममध्ये गेला. ते म्हणाले, "आमच्याकडं एक ब्रेकर पाडला तरी लॉगबुकात लिहावं लागायचं. किती वाजता पाडला, कुणाच्या सांगण्यावरून पाडला, आणि खाली सही. रात्री तीनला पाडला तरी. पुढं चौकशी लागली की साहेब आधी लॉगबुक मागायचे. दिल्लीत तसलं पुस्तक नसतं का हो?"

मी म्हणालो, शोधून सांगतो. त्या शोधातून जे हाती आले ते आज तुमच्यापुढे ठेवतो.

शेतकऱ्याच्या प्रश्नाचे उत्तर आधी देऊन टाकतो. तशी नोंद नाही. तिन्ही कृषी कायदे सप्टेंबर २०२० मध्ये दोन्ही सभागृहांत आवाजी मतदानाने मंजूर झाले. २० सप्टेंबरला राज्यसभेत विरोधी सदस्यांनी मतविभागणी मागितली, ती मिळाली नाही. गोंधळ झाला, माईक ओढले गेले, कागद फाडले गेले. दुसऱ्या दिवशी आठ सदस्य निलंबित झाले. त्यांत आपल्या महाराष्ट्राचे राजीव सातव होते. पुढे वर्षभर दिल्लीच्या सीमेवर आंदोलन चालले आणि २९ नोव्हेंबर २०२१ रोजी ते तिन्ही कायदे मागे घेतले गेले. तेही चर्चेविना आणि आवाजी मतदानानेच! म्हणजे कायदा आला तेव्हा कोण 'हो' म्हणाले ते कागदावर नाही, गेला तेव्हा कोण 'हो' म्हणाले तेही नाही.

हे आवाजी मतदान म्हणजे काय, ते पाहू. अध्यक्ष ठराव मांडतात. बाजूचे सदस्य 'हो' म्हणतात, विरुद्ध बाजूचे 'नाही' म्हणतात. कोणता आवाज मोठा ते अध्यक्ष कानाने ठरवतात आणि निकाल सांगतात. एखाद्या सदस्याने त्या निकालाला हरकत घेतली, तर मतविभागणी होते. लोकसभेत साडेतीन मिनिटे घंटा वाजते, बाहेर गेलेले सदस्य धावत आत येतात, दारे बंद होतात. मग प्रत्येक जण आपल्या जागेवरचे बटण दाबतो. हिरवे म्हणजे बाजूने, लाल म्हणजे विरुद्ध, पिवळे म्हणजे तटस्थ. फलकावर आकडे उमटतात, आणि कामकाजाच्या छापील वृत्तांतात नावांची यादी येते. हेच अण्णांचे लॉगबुक. पण नियमात आणखी एक वाट ठेवलेली आहे. मतविभागणीची मागणी विनाकारण आहे असे अध्यक्षांना वाटले, तर ते सदस्यांना उभे करून नुसती डोकी मोजू शकतात. त्यात नावे नोंदली जात नाहीत.

थोडक्यात, पुस्तक आहे. ते उघडायचे की नाही, हा प्रश्न आहे.

हे पुस्तक आले कुठून? ज्या ब्रिटिश संसदेकडून आपण कामकाजाची पद्धत घेतली, तिथेही शतकानुशतके सदस्यांची मते लोकांना अधिकृतपणे कळत नसत. १८३६ पासून तिथल्या कॉमन्स सभागृहाने मत देणाऱ्यांच्या नावांच्या याद्या छापायला सुरुवात केली. त्याआधी चारच वर्षे तिथे मताधिकार वाढवला गेला होता. मतदार वाढले तसे 'आमच्या माणसाने काय केले' हे विचारणारेही वाढले.

आपल्याकडे मराठी माणसाच्या मनात कोरून राहावी अशी एक यादी १९१२ सालची आहे. नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनी मार्च १९११ मध्ये केंद्रीय कायदे मंडळात प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. मागणी किती साधी! ज्या भागात शाळांची बऱ्यापैकी सोय झाली आहे, तिथे स्थानिक संस्थांना वाटले तर त्यांनी मुलांचे शिक्षण सक्तीचे करावे. वर्षभर त्यावर मते मागवली गेली. मार्च १९१२ मध्ये दोन दिवस चर्चा झाली. पंडित मदनमोहन मालवीय आणि बॅरिस्टर जिना या दोघांनीही गोखल्यांना पाठिंबा दिला. विधेयक प्रवर समितीकडे पाठवावे एवढ्यावर मते घेतली गेली. बाजूने १३, विरुद्ध ३८.

निकाल काय लागणार हे गोखल्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होते. त्या मंडळात सरकारी अधिकाऱ्यांचेच बहुमत होते, आणि अधिकाऱ्याला स्वतःचे मत नव्हते. सरकार सांगेल तिकडे त्याचा हात. तरीही गोखल्यांनी ते मतास टाकले. हरायचे असेल तर नावानिशी हरायचे, म्हणजे कोण कुठे उभा होता हे मागून येणाऱ्यांना कळेल. पाच वर्षांनी, १९१७ मध्ये, शाहू महाराजांनी कोल्हापुरात सक्तीचे मोफत शिक्षण सुरू केले. १९१८ मध्ये विठ्ठलभाई पटेलांच्या प्रयत्नाने मुंबई इलाख्यात नगरपालिकांपुरता कायदा झाला. आणि सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला शिक्षणाचा कायदेशीर हक्क मिळायला १ एप्रिल २०१० उजाडले. ज्यांच्या घरात अक्षर उशिरा आले अशा लाखो घरांपैकी एकातून मीही आलो. ते १३ आणि ३८ आकडे वाचताना मला माझी न शिकलेली आजी आठवली. तिच्या शाळेचा निर्णय तिच्या जन्माआधीच कुणीतरी मत देऊन केला होता.

स्वातंत्र्यानंतर राज्यघटनेने सांगितले की, सभागृहाचा निर्णय उपस्थित राहून मत देणाऱ्यांच्या बहुमताने होईल. प्रौढ मताधिकार आला, अंगठा उठवणाऱ्याचे आणि बॅरिस्टरचे मत सारखे झाले. लोकसभेत बटणे दाबून मत नोंदवण्याची यंत्रणा १९५७ मध्ये आली. आणि याच १९५७ सालात महाराष्ट्राच्या मतदाराने दिल्लीत झालेल्या एका निर्णयाचा हिशेब घरी बसून चुकता केला.

तो निर्णय ऑगस्ट १९५६ चा. मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र मागत असताना लोकसभेने मोठ्या बहुमताने विशाल द्वैभाषिक मुंबई राज्य पदरात टाकले. त्या काळात आपल्या प्रतिनिधींनी काय केले, याची दोन उदाहरणे नीट पाहण्यासारखी आहेत. चिंतामणराव देशमुख कुलाब्याचे खासदार आणि देशाचे अर्थमंत्री. त्यांनी मुंबईच्या प्रश्नावर मंत्रिपदाचा राजीनामा दिला आणि जुलै १९५६ मध्ये लोकसभेत त्याची कारणे सांगितली. दुसरे काकासाहेब गाडगीळ, पुण्याचे काँग्रेसचे खासदार. मुंबई महाराष्ट्राची आहे हे त्यांनी लोकसभेत ठासून मांडले. पण ते काँग्रेसमध्येच राहिले. १९५७ च्या निवडणुकीत पुणेकरांनी त्यांना पाडले आणि समितीचे ना. ग. गोरे निवडून दिले. देशमुखांचा त्याग लोकांच्या स्मरणात राहिला. काकासाहेबांचे भाषण मात्र त्यांना वाचवू शकले नाही. मतदाराचे म्हणणे सरळ होते: बोललात चांगले, पण उभे कुठे राहिलात?

आमच्या नाशिकनेही त्या वर्षी तेच केले. पहिल्या निवडणुकीत नाशिकमधून काँग्रेसचे गोविंद हरी देशपांडे गेले होते. १९५७ मध्ये दादासाहेब गायकवाड गेले. दिंडोरी तालुक्यातल्या आंबे गावचे, १९३० च्या काळाराम मंदिर सत्याग्रहाचे नेते, बाबासाहेबांचे उजवे हात. ज्या नाशिकमध्ये मंदिराचे दार त्यांच्या माणसांना बंद होते, त्याच नाशिकने त्यांना देशाच्या संसदेत पाठवले. एका मताची किंमत याहून मोठी मला तरी सांगता येणार नाही.

आणि याच नाशिकात उलटेही घडले. चीनच्या युद्धानंतर यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले. १९६३ च्या पोटनिवडणुकीत नाशिकने त्यांना बिनविरोध पाठवले. तेव्हाच्या देशाच्या मनःस्थितीत ते अभिमानाचेच होते. पण हिशेबाच्या बाजूने पाहिले तर गंमत आहे. नाशिकच्या एकाही मतदाराने मत दिले नव्हते, आणि नाशिकचे मत मात्र लोकसभेत पडणार होते. म्हणून वाटते, आपण मत दिलेले असो वा नसो, तिथे पडणारे प्रत्येक मत आपल्या नावावर खर्ची पडते.

आत काय घडले ते बाहेर येण्याची वाटही सहज मिळालेली नाही. संसदेतल्या कामकाजाची खरी बातमी छापल्याबद्दल वर्तमानपत्रावर खटला होऊ नये, असा कायदा १९५६ मध्ये झाला. तो आणला फिरोज गांधींनी, खासगी विधेयक म्हणून. नभोवाणीवरच्या वृत्तालाही त्यात संरक्षण होते. आणीबाणीत तो कायदा रद्द झाला. १९७७ मध्ये परत आला, आणि पुढच्याच वर्षी चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने ते संरक्षण थेट राज्यघटनेत लिहिले गेले. दिवा कुणी विझवला आणि कुणी लावला, हेही लक्षात ठेवावे.

मग १९८५ साली एक वळण आले. 'आयाराम गयाराम' चा बाजार थांबवायला पक्षांतरबंदी कायदा झाला. हेतू चांगला होता. पण त्यात एक कलम असे की, पक्षाच्या आदेशाविरुद्ध मत दिले किंवा मत द्यायचे टाळले, आणि पक्षाने पंधरा दिवसांत माफ केले नाही, तर सदस्यत्व जाऊ शकते. हा आदेश म्हणजे व्हिप. सर्वोच्च न्यायालयाने १९९२ मध्ये म्हटले की, सरकारच्या जगण्यामरण्याचा किंवा पक्षाच्या मुख्य धोरणाचा प्रश्न असेल तिथपर्यंतच या कलमाचा अर्थ न्यावा. पण साध्यासुध्या विधेयकांवरही व्हिप निघत राहिले. १९१२ च्या मंडळातला सरकारी अधिकारी आठवा. त्याचा हात सरकारचा होता. आजच्या लोकप्रतिनिधीचा हात पक्षाचा झाला. मधल्या काळात मतदाराचा हात कुठे गेला, हा प्रश्न विचारायला हवा.

तरीही एकेक मत किती जड असते ते १७ एप्रिल १९९९ ला देशाने पाहिले. वाजपेयी सरकारचा विश्वासदर्शक ठराव. बाजूने २६९, विरुद्ध २७०. एका मताने सरकार पडले. ओरिसाचे मुख्यमंत्री झालेले गिरिधर गमांग यांनी खासदारकी अजून सोडली नव्हती, त्यांनी येऊन मत दिले. काश्मीरचे सैफुद्दीन सोझ यांनी आपल्या पक्षाच्या आदेशाविरुद्ध मत दिले आणि पक्षाने त्यांना काढून टाकले. त्यांचे बरोबर की चूक, यावर आजही वाद घालता येतो. वाद घालता येतो, कारण नोंद आहे.

आता नोंद नसली की काय होते ते आपल्या विधानसभेत पाहा. २०१४ च्या निवडणुकीत भाजपला १२२ जागा मिळाल्या. २८८ च्या सभागृहात बहुमताला १४५ लागतात. शिवसेना तेव्हा विरोधी बाकांवर होती, आणि राष्ट्रवादीने बाहेरून पाठिंबा जाहीर केला होता. १२ नोव्हेंबर २०१४ ला विश्वासदर्शक ठराव आवाजी मतदानाने मंजूर झाला. शिवसेना आणि काँग्रेस मतविभागणी मागत राहिल्या. सरकार टिकले, ते कायद्यात बसले. पण उरलेली मते कुणाची होती? ज्या पक्षाला मत दिले त्याने पुढे काय केले, हे त्या दिवशी मतदाराला आवाजावरून ओळखायचे होते. आवाजाला चेहरा नसतो.

पाच वर्षांनी धडा घेतला गेला. नोव्हेंबर २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला की, बहुमताची चाचणी गुप्त मतदानाने नको, आणि तिचे थेट प्रक्षेपण व्हावे. त्यामुळे ३० नोव्हेंबरला उद्धव ठाकरे सरकारच्या बाजूने १६९ सदस्य उभे राहिले, चार तटस्थ राहिले, आणि भाजपने सभात्याग केला. ४ जुलै २०२२ ला एकनाथ शिंदे सरकारच्या वेळी १६४ विरुद्ध ९९. एकेक आमदार उभा राहून आपले नाव सांगत होता, आणि गावोगावची माणसे टीव्हीसमोर बसून आपल्या माणसाची पाळी येण्याची वाट पाहत होती. राजकारण कुणाला आवडले, कुणाला नाही. पण त्या दोन्ही दिवशी कुणालाही 'तुमचा आमदार कुणीकडे' असे विचारावे लागले नाही.

२० सप्टेंबर २०२३ ला महिला आरक्षणाचे विधेयक लोकसभेत चिठ्ठ्यांवर मते घेऊन मंजूर झाले. बाजूने ४५४, विरुद्ध दोन. त्या दोघांतले एक हैदराबादचे असदुद्दीन ओवेसी, दुसरे औरंगाबादचे तेव्हाचे खासदार इम्तियाज जलील. इतर मागासवर्गीय आणि मुस्लिम स्त्रियांना त्यात वेगळी जागा नाही, हे त्यांचे कारण. मला स्वतःला ते विधेयक हवे होते. पण लाल चिठ्ठी टाकून बाहेर येऊन कारण सांगणारा माणूस मला, आवाजाच्या गर्दीत तोंड लपवणाऱ्यापेक्षा बरा वाटतो. त्याच्याशी निदान भांडता तरी येते.

एप्रिल २०२५ मध्ये वक्फ दुरुस्ती विधेयकावर लोकसभेत मध्यरात्र उलटून गेल्यावर मते पडली, २८८ विरुद्ध २३२. दुसऱ्या रात्री राज्यसभेत १२८ विरुद्ध ९५. आमच्या वस्तीत त्या रात्री पुष्कळ घरांत दिवे जळत होते. महाराष्ट्रातल्या दोन शिवसेनांनी दोन बाजूंनी मते दिली. सकाळी माणसे खुश होती किंवा नाराज होती, पण कुणी अंधारात नव्हते. आमच्या वडीलधाऱ्यांच्या बोलीत एक शब्द आहे, अमानत. दुसऱ्याने विश्वासाने सोपवलेली वस्तू. तिला आपली समजायचे नसते, आणि मागितली की दाखवावी लागते.

मला वाटते सगळा मुद्दा या एका शब्दात आहे. आपण मत देतो ते गुप्त. कुणाला दिले हे सांगायची सक्ती आपल्यावर कायद्याने करता येत नाही. मालक, सावकार, गावगुंड यांच्यापासून आपल्याला जपण्यासाठी ती कनात आहे. कारण ते मत आपले स्वतःचे असते. सभागृहात प्रतिनिधी देतो ते मत त्याचे स्वतःचे नसते. ते आपले, त्याच्याकडे ठेवायला दिलेले. म्हणून आपले मत झाकलेले आणि त्याचे उघडे, हाच न्याय. आपल्याकडे मात्र पुष्कळदा उलटे झाले आहे. राज्यसभेच्या निवडणुकीत आमदाराला आपली मतपत्रिका पक्षाच्या प्रतिनिधीला दाखवावी लागते, हा नियम २००३ पासून आहे. पक्षाला दाखवायची सोय झाली. ज्याची ठेव आहे त्याला दाखवायची सोय अजून अपुरी आहे.

मग आपण काय करायचे? प्रत्येक कायद्यावर मतविभागणी घ्या असे मी म्हणणार नाही. किरकोळ दुरुस्त्यांना आवाजी मतदान पुरते. पण ज्या कायद्याने घराचा, शेताचा, नोकरीचा नकाशा बदलतो, त्यावर नावानिशी मत नोंदले गेले पाहिजे. हरकत घेण्याचा अधिकार प्रत्येक सदस्याला आहे. आपला खासदार मते मागायला आला की हजेरीचे आकडे ऐकवतो. तेव्हा त्याला दोनच गोष्टी विचाराव्यात. अमुक कायद्यावर मत कुणीकडे दिलेत? आणि नोंद झाली नसेल, तर मतविभागणी मागितलीत का?

मोर्चाहून परतल्यावर त्या शेतकऱ्याला मी हे सगळे टपरीवरच सांगितले. तो हसून म्हणाला, "म्हणजे आम्ही बाराशे किलोमीटर गेलो, आणि कुणाकडं जायचं तेच ठाऊक नव्हतं." अण्णा गप्प होते. मग आपल्या जुन्या केंद्राच्या धुराड्यांकडे बघत म्हणाले, "लॉगबुकात सही का घेतात माहितीय? चूक पकडायला नव्हे. सही करायची आहे म्हटलं की माणूस ब्रेकरला हात लावायच्या आधी एकदा विचार करतो."

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)